फातूला भेटायला बर्लिनला

शुक्रवार, ३० मे २०२५

माग्डेबुर्गहून येणारी आरई-१ ही गाडी पोट्सडाम ओलांडून बर्लिनमध्ये शिरते आणि थेट ‘त्सोओलोगिशर गार्टन’ स्टेशनात थांबते. स्टेशनाबाहेरचा चौक ओलांडला की प्राणिसंग्रहालयाचं सिंहद्वार समोर. सोबत म्हातारी माणसं आणि लहान मूल असलं की गाडी बदलावी न लागणं ही केवढी सोय असते, ते तसा प्रवास केलेल्यालाच कळेल. काल हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाची, सुट्टी होती. आज बहुतेकांनी रजा टाकून शनिवार-रविवार जोडून घेतलेले, त्यामुळे गाडीत सायकली, बाबागाड्या आणि बॅगांची दाटी. एका मुलाने उठून आईला जागा दिली. बाबा मात्र दारापाशी उभे राहून शेतं बघत आले.

आई-बाबा मेच्या सुरुवातीला कराडहून आमच्याकडे आलेत. बाबांची सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात झाली. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यांत ते गुरांचे डॉक्टर होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. बर्लिनमध्ये काय बघायचंय असं विचारल्यावर आईने भिंत सांगितली. बाबा म्हणाले, “ती म्हातारी गोरिला.” ही बातमी त्यांना मुक्ताने, आमच्या सहा वर्षांच्या मुलीने, व्हिडिओ कॉलवर दिली होती. बर्लिनच्या झूमध्ये फातू नावाची गोरिला आहे, ती जगातली सगळ्यात म्हातारी गोरिला आहे, १३ एप्रिलला ती ६८ वर्षांची झाली, आणि वाढदिवसाला तिला केक देत नाहीत! बाबा तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांनी व्हिसा यायच्या आधीच हा बेत पक्का करून टाकला होता.

हॉटेलवर सामान टाकून पाय मोकळे करायला निघालो तो तुटक्या मनोऱ्याच्या चर्चपर्यंत गेलो. कैसर विल्हेल्म स्मारक चर्चचा हा मनोरा १९४३च्या नोव्हेंबरातल्या बॉम्बहल्ल्यात मोडला आणि तो मोडलेलाच ठेवलाय. आईने वर बघून विचारलं, “मग प्राण्यांचं काय झालं?” समीरने, माझ्या नवऱ्याने, सांगितलं: त्याच नोव्हेंबरातल्या हल्ल्यांत प्राणिसंग्रहालयही उद्ध्वस्त झालं. युद्ध सुरू होण्यापूर्वी तिथे ३,७१५ प्राणी होते, युद्ध संपलं तेव्हा ९१ उरले. त्यावर कुणी काही बोललं नाही. नऊ वाजून गेले तरी ऊन होतं. आईला दिवेलागणीची वेळ काही सापडेना, शेवटी तिने उजेडातच हात जोडले आणि आम्ही जेवायला गेलो.

शनिवार, ३१ मे

दार नऊला उघडतं. सुट्टीच्या दिवशी उघडताउघडता आत शिरावं, साडेदहानंतर रांग रस्त्यावर येते. प्राणिसंग्रहालय आणि मत्स्यालयाचं एकत्र तिकीट मिळतं, पण मी दोन्हीची वेगवेगळी, दोन दिवसांची काढली. एका दिवसात दोन्ही उरकता येतं असं सगळे सांगतात. सत्तरीच्या माणसांना आणि पहिलीतल्या मुलीला ते उरकायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आत लाकडी हातगाड्या भाड्याने मिळतात. एक घेतली. त्यात मुक्ता, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या आणि आईने पहाटे उठून बांधलेला डबा.

ही जर्मनीतली सगळ्यात जुनी प्राणिबाग, १ ऑगस्ट १८४४ला उघडलेली. प्रशियाच्या राजाने, चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मने, आपली फेझंट पक्ष्यांची बाग आणि मोरांच्या बेटावरचे प्राणी देऊन टाकले. मार्टिन लिश्टनश्टाइन या प्राणिशास्त्रज्ञाने त्यातून ही बाग उभी केली. शहराच्या ऐन मध्यात तेहतीस हेक्टर जागा. पलीकडे उंच इमारती दिसतात, लोकल जाताना ऐकू येते, आणि अलीकडे तळ्यात पेलिकन पंख वाळवत बसलेले.

बाबांना वाटेत कुठेच थांबायचं नव्हतं. माकडांच्या घराची पाटी दिसेपर्यंत ते समीरच्या पुढे चालत होते.

फातू बाकीच्या गोरिलांपासून वेगळी राहते. तिची स्वतःची खोली आहे, स्वतःचं अंगण आहे, आणि शेजारचा कळप तिला दिसतो. या वयात कळपातली ढकलाढकली तिला नको असते. आम्ही गेलो तेव्हा ती काचेपासून थोड्या अंतरावर पेंढ्यात बसली होती. एक पाय दुमडलेला, एक लांब केलेला. पाठीवरचे केस राखाडी झालेत, कपाळावर तपकिरी छटा आहे. तिच्यापुढे उकडलेल्या भाज्या होत्या. तिने एक तुकडा चार बोटांत धरला, वास घेतला, ओठांनी आत ओढला आणि मग बराच वेळ हिरड्यांवर घोळवत बसली. गालाचा स्नायू सावकाश वर जायचा, खाली यायचा. तो तुकडा पोटात गेल्याशिवाय तिने दुसऱ्याकडे पाहिलंही नाही. हाताची नखं आपल्यासारखीच, फक्त काळी आणि रुंद. बोटांच्या सांध्यांवर चालून चालून तिथली कातडी जाड झालेली.

तिला दात उरलेले नाहीत. सांधे दुखतात. म्हणून सगळं मऊ शिजवून देतात, आणि साखर नको म्हणून गोड फळांनाही आवर घातलाय. केक नाही तो त्यामुळेच.

ती १९५९मध्ये पश्चिम बर्लिनला आली, तेव्हा साधारण दोन वर्षांची होती. एका खलाशाने तिला आफ्रिकेतून आणलं आणि मार्सेयच्या एका गुत्त्यात दारूचे पैसे म्हणून देऊन टाकलं, अशी तिची गोष्ट सांगितली जाते. रानात जन्मलेली असल्याने खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, १३ एप्रिल ही ठरवलेली तारीख. १९७४मध्ये तिला डुफ्टे नावाची मुलगी झाली, ती या बागेत जन्मलेली पहिली गोरिला. डुफ्टे २००१मध्येच गेली. रानातली गोरिला पस्तीस-चाळीस वर्षं जगते. फातू बर्लिनची भिंत उभी राहण्याआधी आली आणि भिंत पडून आता साडेतीन दशकं झाली.

बाबा काचेपाशी उभे होते ते हलेचनात. मुक्ताने त्यांचं बोट ओढलं, “आबा, तिला दात नाहीत तर ती म्हातारी आहे हे डॉक्टरांना कसं कळलं?” मग बाबांनी तिला खाली बसून समजावलं. आपल्याकडे बैल विकत घेताना जबडा उघडून बघतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. त्यानंतर दात झिजत जातात, फटी पडतात, वैरण नीट चावली जात नाही. मग शेतकऱ्याला भरडा भिजवून द्यावा लागतो, पेंड कालवून द्यावी लागते, कोवळा चारा बारीक कुट्टी करून टाकावा लागतो. “आणि जो देत नाही त्याचा बैल?” मुक्ताने विचारलं. बाबा थोडं थांबून म्हणाले, “त्याचा बैल बाजारात जातो.”

नंतर चालताना ते मला म्हणाले, “मी नोकरीत गावोगावचे गोठे बघितले. दुभती म्हैस सगळेच नीट ठेवतात. म्हातारं जनावर कोपऱ्यात कुठं बांधलंय, त्याच्याखाली कोरडं आहे का, ते मी आधी बघायचो.” फातूखालचा पेंढा कोरडा होता. त्यांनी तो बघितला होता.

दिवसभर मग आम्ही बाबांच्या नजरेने हिंडलो. हत्तींपुढे सगळे सोंडा बघत होते, बाबा पाय बघत होते. बंदिस्त हत्तींचं दुखणं पायांत सुरू होतं. कडक फरशीवर उभं राहून नखांना भेगा जातात, तळव्याला गळू होतं, आणि एवढ्या वजनाचं जनावर एकदा आडवं झालं की उठवणं कठीण. इथल्या अंगणात वाळू पसरलेली आहे, ती पाहून त्यांना बरं वाटलं. हे आशियाई हत्ती, त्यामुळे आईला ते ओळखीचे वाटले. यांच्यातल्या पांग फा नावाच्या हत्तिणीवर बर्लिनच्याच हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ती केळं सोलून खाते. हिरवं किंवा पिवळं असलं तर अख्खं गिळते, फार काळं पडलेलं टाकून देते, पण पिवळ्यावर तपकिरी ठिपके आलेलं असलं की देठाकडून सोंडेने फोडते, झटका देऊन गर बाहेर काढते आणि साल टाकते. त्यातही गंमत अशी, की बाकीचे हत्ती शेजारी असले तर ती भराभर अख्खी केळी खाते आणि शेवटचं एकच राखून ठेवून मग निवांत सोलते. लहानपणी माणसांनी वाढवलेली असल्याने हे तिने त्यांच्याकडूनच उचललं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. सोलताना ती आम्हाला दिसली नाही. मुक्ताला गोष्टच इतकी आवडली की ती सगळ्या हत्तींना “तू पांग फा का?” असं मराठीत विचारत होती.

गेंड्यांसाठी उंच पॅगोडा बांधलाय. युद्धाआधी इथे हत्तींचा पॅगोडा होता, १८७३मधला, तो बॉम्बमध्ये गेला, त्याची आठवण ठेवून हा नवा. आत आपला भारतीय एकशिंगी. गेंड्याची कातडी म्हणजे चिलखत, असं आपण समजतो, पण बाबांनी दाखवलं, घड्यांच्या आतली कातडी मऊ आणि गुलाबी असते. माशा, गोचीड तिथेच चिकटतात, म्हणून तो चिखलात लोळतो. चिखल मिळाला नाही तर तो आजारी पडेल. इथे चिखल होता आणि गेंडा त्यात अर्धा बुडून कान फिरवत पडला होता.

पांडांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही थोडक्यातच उभे राहिलो. गर्दी चार रांगांची. गेल्या २२ ऑगस्टला इथे जुळ्या मादी पिल्लांचा जन्म झाला, लेनी आणि लोटी ही त्यांची बर्लिनची लाडकी नावं. जन्मतात तेव्हा दीडशे ग्रॅमच्या आसपास असतात, आईच्या पंजातही दिसत नाहीत. आई मेंग मेंग आणि बाप जियाओ चिंग २०१७मध्ये चीनकडून भाडेकराराने आलेत. पिल्लंही चीनचीच मानली जातात. आधीची जुळी, २०१९मध्ये जन्मलेली, २०२३च्या डिसेंबरात चीनला गेली. आईला हे अजिबात पटलं नाही. “लेकरं जन्मली इथं आणि धाडली तिकडं?” समीरने प्रजननाच्या कार्यक्रमाचं कारण सांगितलं, तिने ऐकून घेतलं, पटलं नाही ते नाहीच.

जेवायला लहान मुलांच्या खेळायच्या जागेजवळ बसलो. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही. शेजारच्या बाकावर एक तुर्की कुटुंब होतं, त्यांच्या आजीने आमच्या आजीला पाव आणि ऑलिव्ह दिले, आमच्या आजीने पुऱ्या दिल्या. दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या आणि एकमेकींना सगळं कळलं. जवळच शेळ्या आहेत, मुलांनी हात लावायच्या. बाबांनी एका शेळीचा पाय सवयीने उचलून बघितला. “खुरं वेळेवर साळतात,” असा शेरा दिला. शेळीनेही काही हरकत घेतली नाही.

पाणघोड्यांच्या घरात मात्र तासभर गेला. वर काचेचे घुमट, खाली तळ्याची एक बाजू काचेची. पाण्याखालून पाणघोडा दिसतो हे मी ऐकलं होतं, पण प्रत्यक्ष बघणं वेगळंच. पाणघोडा पोहत नाही, तळाशी पाय टेकून चालतो. नाकपुड्या दोन फटींसारख्या मिटलेल्या, कान चिकटलेले, आणि एवढं धूड एका पायाच्या हलक्या रेट्याने पुढे सरकतं. काचेपाशी येऊन तो वळला तेव्हा पोटाखालची फिकट कातडी आणि पायाची चार बोटं आमच्या नाकासमोरून गेली. मुक्ता ओरडायची विसरली.

त्या घराजवळ एक ब्राँझचा पाणघोडा आहे, पोरांनी चढून चढून पाठ चकचकीत केलेला. हा क्नाउच्के. १९४३मध्ये जन्मला, बॉम्बहल्ल्यांतून वाचला. उरलेल्या ९१ प्राण्यांमधला तो एक. शहरात माणसांना खायला नव्हतं, जवळच्या टियरगार्टन बागेतली झाडं सरपणासाठी तुटली, तिथे बटाटे लावले, आणि तरीही हा पाणघोडा जगवला गेला. तो १९८८पर्यंत जगला. त्याची मुलगी बुलेटे १९५२मध्ये जन्मली आणि २००५मध्ये ५३व्या वर्षी गेली. बाबांनी मुक्ताला उचलून पुतळ्यावर बसवलं. त्यांच्या गुडघ्याला ते जमायला नको होतं, पण ऐकतील तर ना.

दुपार कलल्यावर अँटिलोप हाऊसकडे गेलो. १८७२ची इमारत, मिनारांसारखे उंच मनोरे, पुढच्या अंगणात जिराफ. लोक जिराफांचे फोटो काढून पुढे जातात. आतल्या प्रदर्शनासाठी मी थांबायला सांगीन, मुलं दमलेली असली तरी. प्राणिबागेने आपला इतिहास तिथे स्वतःच मांडलाय आणि लाज वाटावी असा भाग झाकलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इथे प्राण्यांसारखीच माणसंही दाखवली गेली, दूरच्या देशांतून आणलेली. ही बाग पहिल्यापासून भागधारकांची. शेअर असला की कुटुंबाला आयुष्यभर मोफत प्रवेश, त्यामुळे बर्लिनमधल्या कितीतरी ज्यू कुटुंबांनी शेअर घेतले होते, बाग वाढवायला पैसा दिला होता, रविवारी सकाळी ती इथे फिरायला यायची. १९३३नंतर त्यांना कारभारातून काढलं, १९३८मध्ये शेअर पडत्या किमतीला विकायला लावले, आणि १९३९पासून दारातून आत यायलाही बंदी. त्यांच्या स्मरणार्थ २०११मध्ये या इमारतीवर फलक लावलाय.

समीर जर्मन वाचून मराठीत सांगत होता. आईने मध्येच इरावतीबाई कर्व्यांची आठवण काढली. मानववंशशास्त्र शिकायला त्या १९२८च्या सुमाराला याच शहरात आल्या, दाहलेममधल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा, आणि कवट्या मोजून इरावतीबाईंनी जे काढलं त्यातून त्याच्या म्हणण्याला आधार मिळाला नाही. पुढे याच शास्त्राच्या नावाखाली माणसांना दारं बंद झाली. आई तो फलक मोबाईलवर टिपून घेत होती. आपल्या शाळेतल्या मैत्रिणींना पाठवायचा म्हणाली.

निघताना बाबांनी पुन्हा एकदा फातूकडे वळसा घ्यायला लावला. ती आडवी झाली होती, हात डोक्याखाली. आम्ही दोन मिनिटं थांबून निघालो.

रविवार, १ जून

सकाळपासून पाऊस. मत्स्यालयासाठी याहून चांगला दिवस नाही, आणि हे बर्लिनमध्ये सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुन्हा नऊलाच गेलो. बुडापेस्टर श्ट्रासेवरच्या हत्तीद्वाराशी दोन दगडी हत्ती गुडघे टेकून कमानीचे खांब पेलतात. मूळचं १८९९चं दार युद्धात गेलं, आताचं ऐंशीच्या दशकात पुन्हा बांधलेलं. शेजारीच मत्स्यालय, दारात इग्वानोडॉनचा मोठा पुतळा, भिंतींवर कोरलेले डायनोसॉर.

तीन मजले. खाली मासे, मधे सरपटणारे प्राणी, वर कीटक आणि बेडूक. आई-बाबांनी पूर्वी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघितलं होतं, १९५१चं, त्यामुळे अंधाऱ्या दालनातल्या उजळ टाक्या त्यांना नव्या नव्हत्या. शार्क, समुद्रघोडे, विदूषक मासे हे सगळं मुक्ताने पळत पळत बघितलं. जेलीफिशपाशी ती आपणहून थांबली.

या मत्स्यालयात जेलीफिश वाढवतात, आणि त्यांच्या आयुष्याच्या पायऱ्या बाजूबाजूला मांडून दाखवतात. पहिल्या टाकीत काचेला चिकटलेले मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके. डोळे बारीक करून पाहिलं की प्रत्येकाला केसाएवढी तोंडाभोवतीची झालर दिसते. हे पॉलिप, जागचे न हलणारे. थंडी-उन्हाचा फरक कळला की त्यांच्यावर आडव्या वळ्या पडतात, वाट्यांवर वाट्या रचल्यासारख्या. मग सगळ्यात वरची वाटी सुटते आणि थरथरत वर निघते, आठ पाकळ्यांची, नखाएवढीही नाही. तीच वाढून मोठा जेलीफिश होतो. मोठ्यांची टाकी गोल असते, पाणी तिच्यात सतत हळू गोल फिरत ठेवतात. चौकोनी टाकीत ते कोपऱ्यात जाऊन अडकतात आणि फाटतात, कारण त्यांना मागे वळता येत नाही. आईने हे सगळं मुक्ताकडून उलटं वदवून घेतलं, वर्गात घ्यायची तसं. पोरीने न चुकता सांगितलं.

मधल्या मजल्यावर मगरींचं दालन आहे आणि या इमारतीतली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. मत्स्यालय १८ ऑगस्ट १९१३ला उघडलं. ते उभं करणारे ऑस्कर हाइनरोट पक्ष्यांच्या वागण्याचे अभ्यासक होते. अंड्यातून बाहेर आलेलं हंसाचं पिल्लू पहिल्यांदा ज्याला पाहील त्याच्यामागे जातं, हे त्यांनी बारकाईने नोंदवून ठेवलंय. प्राण्यांच्या वागण्याचे पुढचे नामवंत अभ्यासक कॉनराड लोरेन्झ त्यांना गुरू मानायचे. हाइनरोटांनी ठरवलं की मगरी गजांआडून बघायच्या नाहीत. उंच काचेच्या छपराखाली तळं, बांबू, आणि तळ्यावरून माणसांसाठी पूल. प्राण्याच्या घरात माणसाने शिरायचं, ही तेव्हा जगात कुठेच नसलेली कल्पना होती. आज सगळीकडे अशी दालनं असतात म्हणून तिचं नवल वाटत नाही. दार उघडताच दमट ऊब अंगावर आली, बाबांचा चष्मा धुकटला. पुलाखाली मगर निश्चल. तिच्या डोळ्यावर आतलं पारदर्शक झाकण आडवं सरकून गेलं, एवढीच हालचाल.

१९४३च्या नोव्हेंबरात हे दालन फुटलं, मगरी मेल्या. हाइनरोट स्वतः ३१ मे १९४५ला गेले. मी ही तारीख वाचली तेव्हा लक्षात आलं की कालच त्यांना ऐंशी वर्षं झाली. त्यांची पत्नी कातारिना हाइनरोट, तीही प्राणिशास्त्रज्ञ. पती गेल्यावर काही आठवड्यांतच ती त्या ढिगाऱ्याची संचालक झाली. जर्मनीत एका बाईने प्राणिसंग्रहालय चालवायची ती पहिली वेळ. वैरण नाही, छप्पर नाही, शहर चार सैन्यांत वाटलेलं, पुढे १९४८-४९मध्ये पश्चिम बर्लिनची रस्त्यांनी आणि रेल्वेने नाकेबंदी. अशात तिने उरलेले प्राणी जगवले, नवी घरं बांधली, आणि १९५६पर्यंत बाग सांभाळली. क्नाउच्के तिच्याच काळात मोठा झाला. फातू आली ती बाग तिने उभी करून ठेवल्यावर तीन वर्षांनी.

आई हे ऐकून पुलावरच थांबली. “हिचा पुतळा पाहिजे दारात,” ती म्हणाली. “हत्तींच्या बरोबरीने.” मला ते शंभर टक्के पटतं. क्नूटचा पुतळा आत आहे. तो २००६मध्ये जन्मलेला पांढऱ्या अस्वलाचा बछडा, आईने टाकलेला, थोमास ड्योर्फलाइन या रखवालदाराने बाटलीने वाढवलेला. तो २०११मध्ये, चार वर्षांचा असताना, मेंदूच्या सुजेने पाण्यात पडून मेला. लोक त्याच्यासाठी हळहळले ते योग्यच. पण ज्यांनी आपल्याला हसवलं नाही, नुसतं टिकवून ठेवलं, त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहायला हवीत.

सगळ्यात वरच्या मजल्यावर पानं कापणाऱ्या मुंग्या. आडव्या फांदीवरून रांग चाललेली, प्रत्येकीच्या डोक्यावर पानाचा हिरवा तुकडा उभा धरलेला. त्या पानं खात नाहीत. घरात नेऊन चावून त्याचा लगदा करतात, त्यावर बुरशी पिकवतात आणि ती बुरशी खातात. काही मुंग्या एवढ्या लहान की दुसरीने नेलेल्या पानावर बसून राहतात. पान नेणाऱ्या मुंगीवर अंडी घालायला येणाऱ्या माशीला हाकलणं हे त्यांचं काम. बाबांनी खिशातून भिंग काढलं. ते भिंग ते कराडहून घेऊन आलेत हे आम्हाला तिथेच कळलं. मग आजोबा-नात भिंग एकमेकांना देत काचेला नाक लावून उभे. एक वाजला, भूक लागली, तरी दोघं येईनात.

बाहेर पाऊस थांबला होता. १०० नंबरची बस इथूनच सुटते, ती राइशटाग, ब्रांडेनबुर्ग दरवाजा दाखवत आलेक्सांडरप्लाट्झला नेते. साध्या तिकिटात शहर बघायचं तर हीच बस, आणि वरच्या मजल्यावरची पुढची जागा. आईला भिंतीचे दगडी खुणेचे पट्टे दाखवले, तिचंही मागणं पूर्ण झालं.

संध्याकाळच्या गाडीत मुक्ता झोपली. बाबांनी समीरला विचारलं, शहर वाटलं गेलं होतं तर पूर्वेच्या लोकांनी काय केलं? त्यांना त्यांची वेगळी बाग मिळाली होती, फ्रीडरिशफेल्डेमधला टियरपार्क, १९५५मध्ये उघडलेला, जुन्या राजवाड्याच्या बागेत, १६० हेक्टरांचा. हे ऐकल्यावर बाबांनी लगेच तारीख मागितली. परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे. जुलैत, मुक्ताच्या शाळेला सुट्टी लागली की जायचं ठरलंय. यावेळी डब्यात दशम्या न्यायच्या, पुऱ्या दुपारपर्यंत चिवट झाल्या होत्या, असं आईचं म्हणणं.